चित्र आधी, शब्द नंतर

आपल्या संगीत नाटकांत पुष्कळदा चाल आधी ठरे आणि मागाहून तिच्यावर पद बसवले जाई. पद कोणाचे, असे कोणी विचारले की आपण कवीचे नाव सांगून मोकळे होतो. परंतु त्या शब्दांना वळण कोणी दिले, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील अतिमानवांच्या चित्रकथांत नेमका हाच प्रश्न उपस्थित झाला. मात्र तिथे तो रसिकांच्या गप्पांपुरता राहिला नाही. एका चित्रकाराचे नाव आणि त्याच्या मुलाबाळांचा हक्क त्यावर अवलंबून होता.

मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या ‘फँटास्टिक फोर’ या मालिकेचे ४८ ते ५० हे तीन अंक १९६६ साली निघाले. पुढे ते एकत्र करून अनेकदा पुस्तकरूपाने छापले गेले. कथा मोठी विलक्षण आहे. गॅलॅक्टस नावाचा, ग्रहच्या ग्रह गिळणारा एक महाकाय पुरुष पृथ्वीवर उतरतो. त्याच्या पुढे वर्दी देत येतो तो एका फळीवर उभा राहून अंतराळातून घसरत जाणारा रुपेरी दूत, सिल्व्हर सर्फर. एका अंध शिल्पकार तरुणीच्या बोलण्याने या दूताचे मन द्रवते आणि तो आपल्या धन्यावर उलटतो. पृथ्वी वाचते, दूताला मात्र तिच्यावरच कायमचे अडकून पडण्याची शिक्षा मिळते.

या कथेचा लेखक म्हणून स्टॅन ली याचे आणि चित्रकार म्हणून जॅक कर्बी याचे नाव घेतले जाते. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते; प्रत्यक्षात ती तशी नव्हती. इतरत्र लेखक आधी चौकटीगणिक संहिता लिहून देई व चित्रकार त्याबरहुकूम चित्रे काढी. ली हा संपादकही होता आणि एकाच वेळी अनेक मालिका लिहीत होता. एवढ्या संहिता लिहायला सवड कुठली? तेव्हा तो चित्रकाराशी कथेविषयी बोले किंवा थोडक्यात टिपण देई. घटनांचा क्रम लावणे, पात्रांना हालते-बोलते करणे, कुठे थांबायचे आणि कुठे धावायचे हे ठरवणे, हे सारे चित्रकार करी. कर्बी तर पानाच्या समासात पेन्सिलीने प्रसंगाचा खुलासाही लिहून ठेवी. मग ली त्या चित्रांवर संवाद घाली.

रुपेरी दूताचा जन्म याच रीतीतून झाला. ठरलेल्या कथानकात तो नव्हताच. पाने हाती आल्यावर लीने पाहिले, तर फळीवरचा हा अनोळखी इसम तिथे होता! एवढ्या बलाढ्य पुरुषाच्या पुढे एखादा दूत हवाच, असे कर्बीला वाटले होते. लीने ही हकीकत स्वतःच अनेकदा सांगितली आहे. त्याच्या पदरी आणखीही श्रेय आहे. दूताच्या तोंडची ती गंभीर, विरक्त वाणी त्याची आहे. आणि चित्रकार, शाईकाम करणारा, अक्षरे काढणारा अशा सर्वांची नावे पहिल्या पानावर छापण्याचा पायंडाही त्याने पाडला.

असे असूनही १९६८ साली त्या दूताची स्वतंत्र मालिका निघाली तेव्हा लेखन लीचे आणि चित्रे जॉन बुसेमाची होती. लीने दूताला माणसासारखे पूर्वायुष्य दिले, मातृभूमी दिली, प्रेयसी दिली. कर्बीच्या मनातला दूत निव्वळ ऊर्जेतून घडलेला होता. त्याला पूर्वायुष्यच नव्हते. ज्याने जन्म दिला त्याला बारशाचेही आमंत्रण नव्हते. १९७० साली कर्बी मार्व्हल सोडून गेला. १९७८ साली त्या दोघांनी याच दूतावर एक पुस्तक एकत्र केले. तेच त्यांचे अखेरचे मोठे सहकार्य ठरले.

कर्बीला मोबदला पानागणिक मिळे. आपल्या हातची मूळ पाने परत मिळावीत म्हणून त्याला झगडावे लागले. १९८७ साली त्यांतली सुमारे १,९०० हाती आली, पण ती त्याच्या एकूण कामाचा लहानसा भाग होती. १९९४ साली तो वारला. त्याच्या वारसांनी हक्क मागितले, तेव्हा हे काम संस्थेने सांगून करून घेतलेले आहे, असा निकाल न्यायालयांनी दिला. अखेर २०१४ साली उभयपक्षी तडजोड झाली.

कायद्याला लेखक आणि चित्रकार वेगळे दाखवावे लागतात. ते तीन अंक वाचताना मात्र शब्दांवर हात झाकून पाहावे. कथा तरीही कळते, भयही वाटते, दूताची करुणाही दिसते. चित्रे झाकली तर थोडेसे भारदस्त संवाद तेवढे हाती राहतात. लीचे देणे लहान नव्हते. पण कर्बीने चित्रे काढली एवढेच म्हणणे अपुरे आहे. त्याने ती कथा पेन्सिलीने लिहिली होती.