छिद्रात हरवलेले लोखंड : भूवेधनाच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

खोल भूवेधनाचा इतिहास सामान्यतः खोलीच्या आकड्यांनी सांगितला जातो. चीनच्या सेचुआन प्रांतातील शेनहाय ही खाऱ्या पाण्याची विहीर इ. स. १८३५ मध्ये १००१ मीटरपर्यंत गेली. पॅरिसमधील ग्रनेल येथील विहिरीला १८४१ मध्ये ५४८ मीटरवर पाणी लागले. १८५९ साली पेनसिल्व्हानियात ड्रेकला अवघ्या साडेएकोणसत्तर फुटांवर तेल सापडले. आणि रशियातील कोला द्वीपकल्पावरील छिद्राने १९८९ मध्ये १२,२६२ मीटरची खोली गाठली. हे आकडे खरे आहेत. तथापि ते ओळीने मांडले म्हणजे छिद्र हे सतत खाली खाली जात राहते असा एक चुकीचा ग्रह वाचकाच्या मनात निर्माण होतो. वस्तुतः या प्रत्येक कामात असे दिवस, महिने, क्वचित वर्षेही गेली की ज्यांत छिद्र बोटभरही पुढे सरकले नाही. त्या काळात कामगार खडक फोडीत नव्हते. आपलेच हरवलेले हत्यार ते वर काढू पाहत होते. हे काम कोठल्याच उच्चांकात नोंदले जात नाही, म्हणून इतिहासकारांनी ते अपघातांच्या सदरात टाकून दिलेले दिसते. परंतु खोल छिद्र शक्य झाले ते खडक फोडण्याच्या कौशल्यामुळे जितके, तितकेच या दुसऱ्या कौशल्यामुळे झाले.

अडचणीचे स्वरूप प्रथम लक्षात घेतले पाहिजे. उघड्या विहिरीत पहार पडली तर माणूस उतरून ती काढतो. वेधनाचे छिद्र मात्र वीतभर, कधी केवळ चार बोटे रुंद असते. त्यात माणूस जाऊ शकत नाही, प्रकाश जात नाही, आणि तळाशी बहुधा पाणी व चिखल असतो. अशा जागी छिन्नी तुटून पडली तर ती नेमकी वाटेतच पडते. तिला ओलांडून पुढे जाता येत नाही, कारण छिद्राची रुंदी तिच्याच मापाची असते. छिन्नी पोलादाची आणि खडक तिच्याहून मऊ, त्यामुळे दुसऱ्या छिन्नीने तिच्यावर घाव घालणे म्हणजे पोलादाने पोलाद कुटणे होय. मालकापुढे मग थोडेच मार्ग उरतात: हरवलेली वस्तू पकडून वर आणणे, तिचा चुरा करणे, तिला बगल देऊन नवे छिद्र पाडणे, अथवा सारा खर्च पाण्यात गेला असे मानून जागा सोडणे.

या संकटाशी सर्वांत दीर्घ परिचय सेचुआनच्या कारागिरांचा होता. अकराव्या शतकाच्या मध्यास तेथे खाऱ्या पाण्यासाठी अरुंद नळविहिरी पाडण्याची पद्धत सुरू झाली. कवी व प्रशासक सू शी याने त्यांचे वर्णन केले आहे. विहिरीचे तोंड वाडग्याएवढे आणि खोली मात्र कित्येक पुरुष, असे त्याने नोंदविले आहे. बांबूच्या चोयांच्या दोराला जड लोखंडी छिन्नी बांधून ती वारंवार आपटावयाची, हे या पद्धतीचे सार होय. इ. स. १८२६ च्या सुमारास तेथे राहणाऱ्या आंबेर या फ्रेंच मिशनऱ्याने मायदेशी धाडलेल्या पत्रांत या विहिरींची हकीगत आली आहे. एक विहीर पुरी होण्यास निदान तीन वर्षे लागतात असे तो सांगतो. छिन्नीची लोखंडी कडी तुटून ती आत पडली, तर दुसऱ्या छिन्न्यांनी तिला कुटून तिचा भुगा करण्यात पाच-सहा महिने जातात, असेही तो लिहितो. म्हणजे त्याने पाहिलेल्या ठिकाणी कुटण्याचाच मार्ग पत्करला जात असे. परंतु तेथील कारागिरांजवळ याखेरीज पकडण्याची हत्यारेही होती. १८८२ मध्ये सिद्ध झालेल्या सेचुआनच्या मीठ-व्यवहारावरील मोठ्या ग्रंथात विहिरींच्या हत्यारांची चित्रे आहेत. पकडण्याच्या एका हत्याराचे नाव ‘वूगूशू’ म्हणजे ‘पाच पदरी मिशा’ असे होते. नाव ऐकूनच आकार डोळ्यांपुढे येतो.

युरोपात दोराऐवजी लोखंडी कांबांची साखळी वापरीत. एका कांबेला दुसरी फिरकीने जोडीत जावयाचे आणि तळाच्या कांबेला हत्यार बसवावयाचे, अशी ही रीत. हत्यार बदलण्यासाठी दरवेळी सर्व कांबा वर ओढून एकेक सुटी करावी लागे व पुन्हा जोडून खाली सोडावी लागे. सांधे जितके अधिक तितकी तुटण्याची स्थळेही अधिक. शिवाय शेकडो मीटर लोखंडाचे वजन खालच्या सांध्यांवर आदळत असे. याचा परिणाम ग्रनेल येथे सर्वांच्या नजरेस आला.

ग्रनेल हे पॅरिसच्या कत्तलखान्याचे ठिकाण. १८३३ च्या अखेरीस तेथे नगराच्या वतीने आर्टेशियन विहिरीचे काम सुरू झाले. ते मूलो या कारागिराकडे होते. तो मूळचा एपिने गावचा कुलपे करणारा लोहार होता. (आतले काही दिसत नसलेल्या भोकात हत्यार घालून अंदाजाने काम करण्याची सवय कुलूपवाल्याला असते, ही गोष्ट येथे अगदीच गौण मानता येत नाही.) खडूच्या जाड थराखाली हिरव्या वाळूचा थर आहे आणि त्यात दाबाखालील पाणी आहे, असे शास्त्रज्ञांचे अनुमान होते. ज्योतिर्विद फ्रांस्वा आरागो याने आपली प्रतिष्ठा त्या अनुमानामागे उभी केली होती. घोड्यांच्या बळावर कांबा वर-खाली होत होत्या. मे १८३७ मध्ये छिद्र चारशे मीटरच्या आसपास गेले असता चिखल काढण्याचे लांब पोकळ हत्यार सुमारे ८० मीटर लांबीच्या कांबांसह तुटून तळाशी गेले.

ते पूर्णपणे बाहेर येईपर्यंत ऑगस्ट १८३८ उजाडला. पडलेल्या कांबा सरळ उभ्या राहत नाहीत. त्या वाकतात, भिंतीत रुततात, आणि त्यांच्यावर माती ढासळते. त्यामुळे वरच्या टोकाला काही तरी अडकवून सबंध वस्तू ओढून घेणे शक्य झाले नाही. तिचे खालीच तुकडे करावे लागले आणि मग ते तुकडे एकामागून एक वर आणावे लागले. या सव्वा वर्षात पॅरिसकरांच्या दृष्टीने कामात काहीच प्रगती नव्हती. पैसा खर्च होत होता, पाण्याचा पत्ता नव्हता, आणि टवाळी मात्र भरपूर होत होती. एप्रिल १८४० मध्ये छिन्नी पुन्हा खडूत रुतून बसली व आणखी काही महिने गेले. शेवटी २६ फेब्रुवारी १८४१ रोजी ५४८ मीटरवरून कोमट पाणी जोराने वर आले. आरागोचे अनुमान खरे ठरले, व भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ही घटना त्या अनुमानाचा विजय म्हणून उल्लेखिली जाते. परंतु १८३७ च्या मे महिन्यात मूलोने हात टेकले असते तर अनुमान बरोबर असूनही ते सिद्ध झाले नसते. वाळूच्या थराचे ज्ञान आरागोपाशी होते. तेथवरची वाट मोकळी ठेवण्याची विद्या कुलूपवाल्यापाशी होती. इतिहासाने पहिल्याला अधिक श्रेय दिले, हे न्याय्य म्हणता येत नाही.

याच सुमारास दोन दूरच्या ठिकाणी, परस्परांना न कळता, जवळजवळ एकच शोध लागला. १८३४ मध्ये प्रशियात कार्ल फॉन ओएनहाउझेन याने कांबा आणि छिन्नी यांच्यामध्ये एक सरकता दुवा बसविला. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या कनव्हा खोऱ्यात मिठासाठी वेधन चालत असे. तेथील रफनर बंधूंनी १८०८ मध्ये पहिली विहीर पुरी केली होती. त्याच खोऱ्यातील विल्यम मॉरिस याने साखळीच्या दोन लांब कड्या एकमेकींत अडकवाव्यात तसे साधन बनविले आणि १८४१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. कनव्हात त्याला ‘स्लिप्स’ म्हणत. तेलाच्या प्रदेशात पुढे ‘जार्स’ हे नाव पडले. त्याची क्रिया सोपी आहे. छिन्नी रुतली असता दोर ओढला तर प्रथम वरची कडी मोकळी सरकते, वेग घेते आणि मग खालच्या कडीवर आदळते. नुसत्या ताणाने दोर तुटला असता. या हिसक्याने छिन्नी सुटते. ओएनहाउझेनचा हेतू थोडा वेगळा होता, कारण कांबांचे वजन छिन्नीवर कोसळून सांधे तुटू नयेत ही त्याची मुख्य चिंता होती. तरी दोघांच्या कल्पनेचा उगम एकाच अनुभवात आहे. वेधनाच्या साधनांतील ही मोठी सुधारणा जलद खोदण्याच्या इच्छेतून झाली नाही, हरवलेल्या लोखंडाच्या भीतीतून झाली.

तेलाच्या उद्योगाला ही भीती जन्मतःच भेटली. ड्रेकच्या यशाची वार्ता ऐकून त्याच १८५९ साली जॉन ग्रँडिन नावाच्या तरुणाने जवळच विहीर पाडावयास घेतली. १३४ फुटांवर हत्यारे अडकली. दारू उडवून ती मोकळी करण्याचा प्रयत्न झाला, पण तो फसला, आणि विहीर कोरडीच राहिली.

अशा शेकडो प्रसंगांतून एक स्वतंत्र धंदा व त्याची परिभाषा उभी राहिली. या कामाला इंग्रजीत ‘फिशिंग’ म्हणजे मासेमारी हे नाव मिळाले, आणि कालांतराने छिद्रात हरवलेली वस्तूच ‘फिश’ म्हणजे मासा झाली. येथे अर्थाचा प्रवास मोठा चमत्कारिक आहे. मासा हा हलणारा, निसटणारा जीव. छिद्रातील लोखंड निश्चल असते. साम्य वस्तूत नाही, पकडणाऱ्याच्या अवस्थेत आहे. त्याला काही दिसत नाही. हातातील दोराला येणाऱ्या कंपावरून खाली काय चालले आहे हे त्याने ओळखावयाचे असते. प्रथम क्रियेला नाव मिळाले आणि मग त्या क्रियेने आपले कर्म निर्माण केले, असा हा क्रम आहे. फ्रेंच कारागीर या कामाला ‘रपेशाज’ म्हणतात; त्यातही मासे धरण्याचाच धातू आहे. चिनी ‘दालाओ’ या शब्दातील दुसऱ्या पदाचा अर्थ पाण्यातून उपसून काढणे असा होतो. जर्मन ‘फांगआर्बाइट’ आणि रशियन ‘लोवील्नी’ हे विशेषण, दोन्ही पकडण्याच्या धातूंपासून आले आहेत, आणि हे दोन्ही धातू मासे पकडण्यालाही लावले जातात. कांब वळवून पकडणाऱ्या एका आकड्याला जर्मन वेधकांनी ‘ग्ल्यूक्सहाकेन’, म्हणजे दैवाचा आकडा, हे नाव दिले होते. तांत्रिक परिभाषेत इतका प्रामाणिक शब्द विरळा.

मराठीला हा अर्थविस्तार परका नाही. विहिरीत पडलेली घागर किंवा बादली काढण्यासाठी अनेक आकड्यांचे जे लोखंडी साधन दोराला बांधून सोडतात, त्याला आपल्याकडे गळच म्हणतात, आणि कोळ्याच्या दोरीच्या टोकालाही गळच असतो. गळ टाकणारा काठावर बसून दोर हळूहळू फिरवितो, घागरीच्या काठाला आकडा लागल्याची खूण हाताला पटली की थांबतो, मग ओढतो. हिसका दिला तर घागर निसटते व पालथी पडते, आणि पालथी घागर काढणे अधिक कठीण. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात विंधन विहिरी मोठ्या संख्येने झाल्या, तेव्हा जुन्या गळाची ही विद्या नव्या अरुंद छिद्रापुढे अपुरी पडली. छिद्रात आकडा फिरविण्यास जागाच नसते. पण हाताने पाहण्याचे तत्त्व तेच राहिले.

हे पाहणे कसे होते, तेही सांगितले पाहिजे. पकडण्यापूर्वी वस्तूचे वरचे टोक कसे आहे हे कळणे अवश्य असते: ते गोल आहे की फाटलेले, मध्यावर आहे की भिंतीला टेकलेले. त्यासाठी मेण, साबण अथवा शिसे भरलेला ठोकळा खाली सोडून त्यावर दाबतात. वर काढल्यावर त्यावर उमटलेला ठसा वाचावयाचा. ठसा चुकीचा वाचला की पुढचे सर्व चुकते. वस्तू भरीव असेल तर तिला बाहेरून कवटाळणारी घंटेसारखी टोपी लागते. पोकळ असेल तर आत शिरून फुगणारा भाला चालतो. टोक खराब असेल तर आधी ते कातून साफ करावे लागते. आणि प्रत्येक वेळी एक नवा धोका असतो. पकडावयास पाठविलेले हत्यार स्वतःच अडकले तर हरवलेल्या लोखंडाची लांबी वाढते. अनुभवी माणसे म्हणूनच पकड सोडविता येईल असे साधन पसंत करतात; पकडता येणे पुरेसे नाही, सोडून परत येता आले पाहिजे.

विसाव्या शतकात फिरत्या नळ्यांनी वेधन होऊ लागल्यावर साधने बदलली, लहान तुकड्यांसाठी लोहचुंबक आले, अडकलेल्या जागेच्या वरचा सांधा स्फोटाच्या धक्क्याने सैल करून नळी उकलता येऊ लागली. परंतु खरा बदल हिशेबात झाला. यंत्राचे दिवसाचे भाडे एवढे वाढले की किती दिवस प्रयत्न करावयाचा हे आधीच ठरवू लागले. ती मुदत संपली की छिद्र वरच्या भागात बुजवून बाजूने तिरपे नवे छिद्र काढावयाचे. मूलोने सव्वा वर्ष दिले, कारण त्याला असा पर्याय नव्हता.

कोला येथे हा पर्याय होता. मे १९७० मध्ये सुरू झालेले ते काम १२,०६६ मीटरपर्यंत गेले असता, २७ सप्टेंबर १९८४ रोजी सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या नळ्या पिळवटून तुटल्या व आत राहिल्या. सुमारे ७,००० मीटरच्या खोलीपासून बाजूने पुन्हा वेधन सुरू करण्यात आले आणि पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, जुनी खोली ओलांडली गेली. १२,२६२ मीटरचा उच्चांक या दुसऱ्या शाखेचा आहे. पुढे काम बंद पडले आणि छिद्राच्या तोंडावर धातूचे झाकण बसविण्यात आले. पहिल्या शाखेतील नळ्या त्याखाली तशाच आहेत.