कार्ट्रिजवर खर्च किती करावा?

ध्वनिमुद्रिका वाजविणाऱ्या यंत्राचा तबकडीशी प्रत्यक्ष संबंध येतो तो केवळ सुईच्या टोकाशी. या सुईच्या कंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारा भाग म्हणजे कार्ट्रिज. ‘मूव्हिंग मॅग्नेट’ प्रकारात सुईबरोबर चुंबक हलतो, ‘मूव्हिंग कॉइल’मध्ये तारेचे वेटोळे. दुसरा प्रकार बहुधा महाग असतो. त्याचा संकेत क्षीण असल्याने अधिक क्षमतेचा प्रवर्धक लागतो आणि सुई झिजल्यावर सहसा संपूर्ण कार्ट्रिजच बदलावे लागते. पहिल्या प्रकारात नवी सुई घरीच बसविता येते. नवख्या रसिकाने म्हणूनच पहिला प्रकार निवडावा.

खरा खर्च असतो तो सुईचा, आणि तो पुन्हा पुन्हा येतो. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीच्या मते लंबगोल टोकाची सुई सुमारे ३०० तास, गोल टोकाची ५०० तास, तर ‘मायक्रोलिनियर’ घडणीची १००० तास टिकते. रोज ४० मिनिटांची एक एलपी ऐकल्यास लंबगोल सुई सव्वा वर्षात बदलावी लागेल; मायक्रोलिनियर चार वर्षे चालेल. म्हणजे तिप्पट किमतीची सुईही ताशी हिशेबात महाग पडत नाही. झिजलेली सुई मात्र तबकडीची खाच कोरत जाते, आणि ते नुकसान कोणत्याही किमतीला भरून निघत नाही.

घरात नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असल्यास त्यांच्यासाठी वेगळी सुई घ्यावी. त्यांची खाच रुंद असल्याने सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. एलपीच्या गोल सुईची त्रिज्या जेमतेम १८ मायक्रॉन. अशी बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरते आणि गाण्याऐवजी खरखरच अधिक ऐकू येते. एकाच कार्ट्रिजला दोन्ही सुया बसत असतील, तर दुसऱ्या कार्ट्रिजचा खर्च वाचतो.

खरेदीपूर्वी बदली सुई मिळते का, हे अवश्य पाहावे. शुअर या नामांकित कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिजचे उत्पादन थांबविले, तेव्हापासून तिच्या ग्राहकांना इतरांनी बनविलेल्या सुया शोधाव्या लागतात.

यंत्राच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचा खर्च आमच्या मते पुरेसा आहे. त्यातूनच सुईचा भार मोजणारा छोटा काटाही घ्यावा. नवी सुई बसविल्याची तारीख यंत्राच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावी.