सिनेगॉगचं आतलं रूप

मुंबईत भायखळ्याच्या मागेन डेव्हिड या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, घड्याळाचा मनोरा आणि दर्शनी खांब बघितले की परक्याला ते चर्चच वाटतं. डेव्हिड ससून यांनी ते १८६४ मध्ये बांधलं. पुण्याचं ओहेल डेव्हिड, म्हणजे लोकांचं ‘लाल देऊळ’, तर सरळ इंग्रजी गॉथिक. यावरून ज्यूंना स्वतःचं वास्तुशिल्पच नाही, असा आक्षेप घेतला जातो. बाह्यरूपापुरता तो खरा आहे. स्पेनमधल्या टोलेडोच्या जुन्या सिनेगॉगमध्येही घोड्याच्या नालासारख्या मुस्लिम धाटणीच्या कमानी आहेत. पण सिनेगॉगची ओळख आतल्या मांडणीत असते. सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवायचं कपाट म्हणजे हेखाल; ते जेरुसलेमच्या दिशेला हवं, म्हणून युरोपात ते पूर्वेला आणि आपल्याकडे पश्चिमेला. फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोसला इसवी सन २४५ च्या सुमाराच्या सिनेगॉगमध्येही तोराचा कोनाडा पश्चिम भिंतीतच आहे. आपल्याकडच्या सिनेगॉगमध्ये तोरा वाचनाचा चौथरा, म्हणजे तेबा, मध्यभागी, पुरुष त्याच्या भोवती आणि स्त्रिया वरच्या सज्जात.

यावर कोणी म्हणेल की कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, तिथे पिढ्यान्‌पिढ्या सिनेगॉगविना राहिले, मग या मांडणीचं एवढं महत्त्व कशाला? शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवून घेणाऱ्यांनी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सुंता घरातच जपली, हे खरंच. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, छप्पर लागत नाही. पण चारचौघांत तोरा वाचायचा म्हटलं की तो ठेवायला एक जागा लागते आणि वाचायला दुसरी. इमारत उभी राहते ती या दोन जागांभोवती. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवीत मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधलं, तेव्हा समाजाला ही सोय प्रथमच मिळाली.

बाहेरच्या भिंती मात्र शेजाऱ्यांशी असलेलं नातं सांगतात. ससून यांच्यासारख्या बगदादी ज्यू व्यापाऱ्यांना ब्रिटिश साम्राज्याच्या शहरात उठून दिसायचं होतं. अलिबाग, रेवदंडा, पनवेलची बेने इस्राएलांची सिनेगॉग्ज वस्तीत मिसळून गेली आहेत. पैसा कमी होता, हे कारण आहेच. पण मला ते अपुरं वाटतं. मराठी बोलणाऱ्या, गावानुसार दिवेकर, पेणकर, रोहेकर झालेल्या या समाजाला कोकणात कोणी छळलं नाही. वेगळं दिसून आपलं अस्तित्व ठसवण्याची त्याला गरजच नव्हती. पुढे ठाण्यात १८७९ मध्ये शाआर हाशामाइम झालं, उपनगरात कुर्ल्याला साधं प्रार्थनागृह आलं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली आणि दहा पुरुष जमवणंही अवघड झालं. म्हणूनच वारसा जपताना केवळ मनोरे आणि रंगीत काचा पाहून भागणार नाही; कुर्ल्याच्या प्रार्थनागृहाचीही नोंद त्याच आस्थेने व्हायला हवी.