समदुःखी कोणास म्हणावे?

घराच्या ओढीने माणूस खरोखरीचा आजारी पडतो, ही गोष्ट वैद्यकाच्या दप्तरी १६८८ साली नोंदली गेली. बाझेल येथील योहानेस होफर या विद्यार्थ्याने मायदेशापासून दूर राहणाऱ्या स्विस लोकांची उदासी, त्यांची उडालेली झोप आणि अन्नावरची गेलेली वासना यांवर प्रबंध लिहिला. 'परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने या व्याधीस 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. साहित्याच्या वर्गात आपण गोड स्मरणरंजनासाठी जो शब्द सहज वापरतो, तो जन्मतः एका रोगाचे नाव आहे. होफरचा खात्रीचा उपाय एकच : रोग्यास घरी धाडावे.

परंतु ज्यास परतता येत नाही, त्याने काय करावे? हा प्रश्न घेऊन आम्ही आपल्याच इतिहासातील १८८३ या वर्षाकडे वळतो. त्या वर्षी दोन 'आनंदीबाई' समुद्रापार गेल्या. त्यांपैकी एकीस सारा महाराष्ट्र ओळखतो. दुसरीचे नाव बहुधा तळटीपेत सापडते.

पहिल्या अर्थात आनंदीबाई जोशी. गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतील मिशनरी नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते वाचले आणि १८८० पासून या दोन स्त्रियांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा ओळखीचे माणूस आधीच तयार होते. पुढे फिलाडेल्फियातील थंडी, ढासळती प्रकृती, अभ्यासाचा भार आणि गोपाळरावांच्या पत्रांतून येणारी दूषणे हे सारे सोसताना रोझेलचे ते घर त्यांचे माहेर झाले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली; २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि पकिप्सी येथील दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत त्यांना स्थान मिळाले.

दुसऱ्या आनंदीबाई भगत. त्याच वर्षी पंडिता रमाबाई व त्यांची लहानगी मनोरमा यांच्यासमवेत त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्यांचा मुक्काम होता. आपल्याला बळेच बाटवले जाईल, या भयाने भगतबाईंचे मन ग्रासले होते असे सांगितले जाते. १८८३ सालीच वाँटेज येथे त्यांनी आपले जीवन संपवले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

या दोन कहाण्या शेजारी ठेवल्या की एक सोपी समजूत डळमळते. परदेशी आपल्या भाषेचे, आपल्या गावचे माणूस भेटले की मन सावरते, असे आपण धरून चालतो. भगतबाईंजवळ मराठी बोलणारी जिवलग सोबतीण एकाच छपराखाली होती. आनंदीबाई जोश्यांचा आधार मात्र परभाषिक, परधर्मीय स्त्री होती. फरक कोठे पडला? आमच्या मते, भगतबाईंची भीती ज्या निर्णयाभोवती फिरत होती, तो रमाबाईंच्याच आयुष्याचा निर्णय होता. ती भीती त्यांच्यापाशी मोकळी करणे सोपे नव्हते. उलट, कार्पेंटरबाईंसमोर आनंदीबाईंना पतीच्या मतांचा वा गावच्या बोलण्याचा धाक नव्हता. रमाबाईंना दोष देण्याचा यात हेतू नाही. त्याही परक्या देशात, वैधव्यात, एका लेकराला घेऊन उभ्या होत्या. दोन बुडणारी माणसे एकमेकांस नेहमीच तारू शकत नाहीत, इतकेच.

विसाव्या शतकाने या आधारास रीतसर घडण दिली. न्यूयॉर्कचा एक दलाल, बिल विल्सन, मे १९३५ मध्ये कामानिमित्त अॅक्रन शहरी गेला. काम फसले आणि हॉटेलातील मद्यालय खुणावू लागले. त्याने दूरध्वनीवरून अनोळखी लोकांकडे चौकशी करून आपल्यासारखाच एक मद्यपी शोधला. तो डॉक्टर बॉब. त्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' उभी राहिली. १९३७ मध्ये शिकागोत अब्राहम लो या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णालयातून बाहेर पडलेल्या मनोरुग्णांना एकत्र आणून 'रिकव्हरी' ही संघटना सुरू केली. लो स्वतः आजच्या पोलंडमध्ये जन्मलेला, व्हिएन्नात शिकलेला स्थलांतरित होता. १९७३ मध्ये टोकियोत इंग्रजी बोलणाऱ्या परदेशीयांसाठी प्रशिक्षित स्वयंसेवकांची दूरध्वनी-सेवा सुरू झाली. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे : ऐकणाऱ्यास बोलणाऱ्याच्या घरादाराशी काही देणेघेणे नसते.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. गणपती, दिवाळी, नाटक यांनी परदेशातील मराठी माणसास जे दिले ते थोडके नाही. तथापि, ज्या ओळखीमुळे मोदकाच्या पंगतीत जागा मिळते, त्याच ओळखीमुळे 'मला रात्र रात्र झोप येत नाही' हे वाक्य ओठांवर अडते. ते उद्या गावी आईच्या कानी जाईल अशी धास्ती असते. अशा वेळी कोणी वेगळ्या भाषेच्या अनोळखी वर्तुळात जाऊन बसले, तर त्यास आपल्या माणसांशी प्रतारणा समजू नये. आनंदीबाईंनी हेच केले होते.

आनंदीबाई जोशी यांची पत्रे काशीबाई कानिटकरांच्या १८८९ सालच्या चरित्रामुळे मराठी वाचकांपुढे आली. आपण ती अभ्यासतो, शिकवतो. ती शिकवताना वाँटेजच्या आनंदीबाईंचेही नाव घ्यावे. त्यांच्या मनातले ऐकून घेणारी एखादी रोझेलची मावशी त्यांनाही हवी होती.