लष्करी तळावरची शिकार (तळटीप)

मूळ मजकुरात ‘लष्कराची मेहेरबानी’ असे शब्द आले आहेत; ते पुरते खरे नाहीत. अमेरिकेत १९५८च्या कायद्याने तळावर शिकार करणाऱ्यालाही त्या-त्या राज्याचा परवाना सक्तीचा केला. १९६०च्या साइक्स कायद्याखाली वन्यजीव संवर्धनाचे आराखडे आले. १९९७पासून लक्षणीय नैसर्गिक संपत्ती असलेल्या तळांना असा आराखडा राज्याच्या वन्यजीव खात्याशी मिळून करावाच लागतो, आणि त्यात लोकांच्या प्रवेशाचा विचार येतो. शिकारीची फी त्याच तळावरच्या संवर्धनासाठी वापरायची असते, म्हणजे हा निव्वळ उपकार नव्हे. पण हक्कही नव्हे, कारण सुरक्षिततेची अट कायद्यातच आहे. मग अधिकारी वाटेल तेव्हा फाटक लावून घेतील, हा आक्षेप रास्तच. मात्र वाळक्या पानांखाली न फुटलेला तोफगोळा असू शकतो, आणि हरणामागे धावणाऱ्याचे लक्ष पाटीकडे नसते (पाटीही बहुधा गंजलेली). गोळीबाराच्या दिवशी रान बंद ठेवणे हा बहाणा ठरत नाही. जाब विचारायचा तो कारण न देता वर्षानुवर्षे बंद ठेवलेल्या भागांचा. आपल्या छावण्यांशी मात्र याची तुलना करू नये: भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९९१च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचा परवानाच मिळत नाही. — संपा.