ऊती-दुरुस्तीचा इतिहास : पुण्याच्या शस्त्रक्रियेपासून पेप्टाइडच्या आधारजाळीपर्यंत

प्रस्तावना :
शरीराचा नष्ट झालेला भाग पुन्हा घडविणे ही मानवाची जुनी आकांक्षा आहे. आज तिला 'ऊती अभियांत्रिकी' असे नाव मिळाले असले, तरी तिच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान महाराष्ट्रात लिहिले गेले. प्रस्तुत लेखात त्या घटनेचा आधुनिक पेप्टाइड संशोधनाशी असलेला वैचारिक संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

पुण्याची शस्त्रक्रिया :
कावसजी हा इंग्रजी सैन्यातील मराठा बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभरानंतर पुण्याजवळील, विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन कपाळावरील त्वचा सोलण्यात आली. मात्र दोन भुवयांमधील एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली. ती त्वचा अर्धा वेढा देऊन खाली आणली व काताने भिजविलेल्या कापडी पट्ट्यांनी घट्ट बसविली. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी छेदली गेली.

या पट्टीतच शस्त्रक्रियेचे मर्म होते. तिच्यातून रक्तपुरवठा चालू राहिल्यामुळे त्वचा जिवंत राहिली. सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेची कृती सांगितली आहे. पुण्यात कपाळाची त्वचा वापरली गेली. त्यामुळे दोन्ही परंपरा एकच मानणे घाईचे ठरेल.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याआधारे जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वृत्तान्तात रुग्णाचे नाव आले, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज वैद्यांची नावे आली; प्रत्यक्ष करणाऱ्याची केवळ जात नोंदली गेली.

पेप्टाइडची आधारजाळी :
जिवंत ऊती एका जागेवरून दुसरीकडे नेल्यास मूळ जागी व्रण राहतो. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विचार बदलला : ऊती न नेता केवळ आधार द्यावा, बांधकाम पेशींनीच करावे. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शुगुआंग झांग यांना यीस्टमधील एका प्रथिनाचा अभ्यास करताना असा अमिनो आम्लांचा क्रम आढळला, की त्याचे रेणू क्षारयुक्त द्रावणात आपोआप जुळून तंतूंचा पापुद्रा बनवितात. हे निरीक्षण १९९३ साली प्रसिद्ध झाले. रेणूची एक बाजू पाणी टाळणारी, तर दुसरी आलटून पालटून धन व ऋण भार धारण करणारी. त्यामुळे ते परस्परांना चिकटतात. अशा सोळा अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचे जेल नव्याण्णव टक्क्यांहून अधिक पाणीच असते. २००६ साली हॅमस्टरच्या मेंदूतील छेदलेल्या दृष्टीमार्गात ते घातले असता चेतातंतू पुन्हा वाढल्याचे दिसून आले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील समीर माजी यांच्या गटानेही २०१५ साली अमायलॉइड तंतूंच्या जेलवर मूलपेशी वाढविण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले.

तथापि, जाळी जाड झाली की आतील पेशींना प्राणवायू कसा पोहोचवावा, हा प्रश्न आजही अवघड आहे. पुण्याच्या कारागिराने भुवयांमधील पट्टी राखून सोडविलेला प्रश्न मूलतः हाच होता.

समारोप :
एक ज्ञान हातातून हातात गेले व निर्नावी राहिले. दुसरे निरीक्षण होताच नोंदले गेले व जगभर तपासले गेले. दोहोंतील अंतर बुद्धीचे नसून नोंदीचे आहे. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी पारंपरिक उपचारांची जी कौशल्ये शिल्लक असतील, ती करणाऱ्याच्या नावासह नोंदविणे व प्रयोगशाळेत तपासणे हे इतिहास व जीवशास्त्र या दोन्ही विभागांचे संयुक्त कार्य ठरावे. ते न झाल्यास आणखी एका कारागिराची केवळ जातच उरेल.