हाडांच्या टेकडीवरचा धडा

माणूस ताठ उभा राहतो तो पाठीच्या कण्याच्या जोरावर. या कण्यात मणके 33. मानेत 7, छातीच्या मागे 12, कमरेत 5, त्याखाली त्रिकास्थीत 5 आणि अगदी शेवटी माकडहाडात बहुधा 4. लहानपणी त्रिकास्थीचे पाचही मणके सुटे असतात. वयात येताना ते जुळू लागतात आणि साधारण पंचविशीनंतर त्यांचं एकच हाड होतं. हा हिशेब आज आपल्याला पुस्तकात सहज मिळतो. पण तो नीट लागावा म्हणून काही माणसांना पुस्तकाशीच भांडावं लागलं. श्रोतेहो, त्यातल्या एकाची ही हकीकत.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन नावाचा मोठा ग्रीक वैद्य होऊन गेला. मानवी प्रेताची चिरफाड तिथे वर्ज्य होती. म्हणून त्यानं माकडं आणि इतर प्राणी फाडून पाहिले आणि त्यावरून माणसाचं शरीर सांगितलं. पुढे हजारावर वर्षं त्याचा शब्द प्रमाण राहिला. अरबांनीही ‘जालिनूस’ म्हणून त्याला डोक्यावर घेतलं.

त्याच परंपरेत अब्दुल लतीफ वाढला. जन्म बगदादचा, 1162 सालचा. हकीम, पंडित आणि हाडाचा शिक्षक. तो कैरोत शिकवत असताना, 1200 साली नाईल नदीला पुरेसं पाणी आलं नाही. दोन वर्षं भीषण दुष्काळ पडला. माणसानं माणूस खाल्ल्याच्या गोष्टी त्यानं लिहून ठेवल्या आहेत. प्रेतं पुरायलाही कुणी उरलं नव्हतं.

त्याच्या विद्यार्थ्यांना हाडांची रचना पुस्तकावरून काही केल्या उमगेना. कैरोजवळच्या मक्स इथे सांगाड्यांची टेकडीच साचली आहे, असं त्याला कळलं. मंडळी तिथे गेली. जालिनूस सांगतो, खालचा जबडा दोन हाडांचा. अब्दुल लतीफनं दोन हजारांहून अधिक कवट्या तपासल्या, दुसऱ्यांकडूनही तपासून घेतल्या. सांधा कुठेच दिसला नाही. जबडा एकसंध! जालिनूस थोर खराच, पण डोळ्यांची साक्ष त्याच्याहून खरी, असं त्यानं लिहिलं.

मग तो कण्याच्या तळाशी आला. पुस्तकात त्रिकास्थी आणि माकडहाड मिळून सहा तुकडे सांगितले होते. त्याला पहिल्यांदा एकच हाड दिसलं. इथे थांबला असता तर गुरूला दुसऱ्यांदा हरवल्याची बढाई मारता आली असती. पण तो आणखी सांगाडे पाहत गेला. काहींत सहा तुकडे निघाले, काहींत एकच हाड. त्यानं तसंच नोंदवलं, आणि जबड्याबद्दल जेवढी खात्री आहे तेवढी याबद्दल नाही, असंही स्पष्ट लिहिलं. वयानुसार ही हाडं जुळत जातात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. सगळे सांगाडे सारखे दिसणं शक्यच नव्हतं.

पुढे 1543 साली आंद्रियास व्हेसॅलियसचा सचित्र ग्रंथ बाझल शहरात छापला गेला आणि गॅलनच्या कितीतरी चुका जगापुढे आल्या. शरीरशास्त्राच्या इतिहासात मान मिळतो तो त्याला, आणि तो रास्तच आहे. पण मला त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा, आपल्या शंकेचीही नोंद करणारा तो हकीम जवळचा वाटतो.

मी कवी, त्यामुळे शब्दांपाशी अडखळतो. आपण मणी आणि मणका एका सुरात म्हणतो. अरबीत मणक्याला ‘फक्रा’ म्हणतात. जुने अरबी कोशकार ‘फकीर’ शब्दाची एक व्युत्पत्ती इथूनच देतात: ज्याच्या पाठीचे मणके मोडले, तो फकीर. मक्सच्या टेकडीवर पडलेली माणसं बहुतेक अशीच असणार, दारिद्र्यानं आणि भुकेनं कणा मोडलेली. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण माणसाचं शरीर माणसावरूनच शिकावं, हा धडा त्या हकिमाला मिळाला तो त्यांच्याच हाडांतून. शरीरशास्त्राच्या इतिहासात गुरूंची यादी करायची झाली, तर तीत त्यांनाही जागा हवी.